बर्फाखालचा व्हाइटफिश गरवताना

उपस्थित बंधुभगिनींनो,

टोरोंटोच्या उत्तरेला साधारण तासाभराच्या अंतरावर लेक सिम्को आहे. सुमारे 720 चौरस किलोमीटरचे हे सरोवर जानेवारीत गोठले की त्यावर लहान लहान खोपटी उभी राहतात, आणि प्रत्येक खोपटात कोणी ना कोणी बर्फाला पाडलेल्या भोकाकडे टक लावून बसलेले असते. आपल्यापैकी अनेकांचे बालपण कोकणातल्या खाड्यांवर गरवण्यात गेले आहे. गरी, तंगूस म्हणजे गरीची दोरी, शिसे हे शब्द आपल्याला नवे नाहीत. मात्र व्हाइटफिशच्या बाबतीत खाडीवर लागलेली एक सवय सोडावी लागते. ती कोणती, हे सांगण्याआधी या माशाच्या तोंडाविषयी बोलले पाहिजे, कारण माझ्या मते त्याला गरवण्याचे सारे तंत्र त्याच्या तोंडाच्या ठेवणीतूनच निघते.

लेक व्हाइटफिश हा सामन आणि ट्राउट यांच्याच कुळातला मासा आहे. अंग रुपेरी, खवले मोठे, डोके लहान. त्याचे नाक पुढे आलेले असते आणि तोंड त्याच्या खालच्या अंगाला, लहानसे व मऊ असते. अशा तोंडाचा मासा पाठलाग करून मोठी शिकार पकडण्यासाठी घडलेला नाही. तो तळाशी फिरतो आणि गाळातल्या अळ्या, लहान गोगलगायी, चिमुकले शिंपले, कधी एखादा बारीक मासा असे टिपून खातो. येथील ओजिब्वे हे मूलनिवासी लोक त्याला अडिकमेग म्हणतात. त्या नावात कॅरिबू आणि मासा असे दोन शब्द एकत्र आले आहेत. ज्या लोकांची थंडीतली गुजराण या माशावर होत असे, त्यांनी त्याला रानातल्या मोठ्या जनावराच्या पंक्तीला बसवावे, हे मला फार योग्य वाटते.

तोंड खाली असल्यामुळे आमिष तळालगत असले पाहिजे. सिम्कोवर व्हाइटफिशसाठी बहुधा पंधरा ते पंचवीस मीटर खोल पाणी शोधावे लागते. सरोवराची सर्वाधिक खोली बॅरी शहरालगतच्या केंपेनफेल्ट उपसागरात, चाळीस मीटरच्या आसपास आहे, परंतु नुसत्या खोलीच्या मागे लागण्यात अर्थ नाही. खडकाळ उथळ भाग उतरत उतरत जिथे मऊ गाळाला मिळतो, ती किनार मला नेहमी भरवशाची वाटत आली आहे, कारण खाद्य तिथे जमते. पाणी चार अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. त्यामुळे हिवाळ्यात बर्फाला चिकटलेले पाणी शून्याजवळ असले, तरी तळाकडचे पाणी त्याहून थोडे उबदार राहते आणि मासा भर थंडीतही चरत असतो.

बर्फाविषयी मी थोडक्यात, पण आग्रहाने सांगतो. पायी जाण्यासाठी किमान दहा सेंटीमीटर जाडीचा, निळसर पारदर्शक बर्फ हवा. हिम भिजून गोठलेला पांढरा बर्फ निम्म्याच ताकदीचा असतो, म्हणून तो दुप्पट जाड असावा. एका जागी जाडी मोजली म्हणून पन्नास पावलांवर ती तेवढीच असेल असे समजू नये. ओढ्यांच्या मुखाशी आणि बर्फाच्या भेगांजवळ विशेष जपावे. खोपटात शेगडी लावली असेल तर हवा खेळती ठेवावी, कारण शेगडीतून निघणाऱ्या विषारी वायूला, कार्बन मोनॉक्साइडला, वास नसतो.

आता गरीकडे वळतो. तोंड लहान, म्हणून गरी लहान घ्यावी आणि तंगूस सहा पौंडांच्या आसपास भार पेलणारी, बारीक असावी, कारण बर्फाखालचे पाणी नितळ असते. जुन्या पद्धतीत शिसे तळाला टेकवतात, त्याच्या किंचित वर आखूड दोऱ्यांवर एक-दोन गऱ्या बांधतात आणि त्यांना मीठ लावलेले लहान मासे लावतात. त्याच खारवलेल्या माशांचे तुकडे चारा म्हणूनही भोकातून खाली सोडतात. हा चारा मूठमूठभर टाकू नये; चिमूटभर टाकावा आणि थांबावे. पोट भरलेला मासा आपल्या गरीकडे कशाला येईल? दुसरी पद्धत हाताने नाचवायच्या लहान धातूच्या आमिषाची आहे. ते तळावर दोनतीनदा आपटावे, म्हणजे गाळाचा लहानसा लोट उठतो आणि तळ उकरणाऱ्या माशाला तिकडे काहीतरी खाद्य हलल्याचा भास होतो. मग आमिष वीतभर वर घेऊन अगदी स्थिर धरावे. नवशिका मनुष्य इथेच चुकतो. तो नाचवतच राहतो, आणि मासा मात्र स्तब्ध आमिषालाच तोंड लावतो.

खाडीतला मासा आमिष घेऊन पळतो, तंगूस हातातून सरसरते आणि आपण जोराने झटका देतो. मी सांगत होतो ती सवय हीच. व्हाइटफिश बहुतेक वेळा ओढतच नाही. तो आमिष तळावरून उचलतो, आणि आमिषाचा भार त्याच्या तोंडात गेल्यामुळे आपली ताणलेली तंगूस अचानक सैल पडते. काठीचे टोक वाकण्याऐवजी सरळ होते. पहिल्या हिवाळ्यात मी ओढीची वाट पाहत राहिलो आणि दिवसच्या दिवस रिकाम्या हाताने परतलो. ती सैल तंगूस म्हणजेच मासा होता, हे मला फार उशिरा उमगले. म्हणून काठीचे टोक मऊ असावे, दृष्टी त्यावरून हलू नये, आणि भार नाहीसा झाला असे वाटताच मनगटाने अलगद, पण सलगपणे काठी वर घ्यावी. झटका दिलात तर मऊ ओठ फाटतो आणि मासा निसटतो. त्याच कारणाने रिळाचा ताण सैल ठेवावा आणि मासा खाली धावू लागला तर धावू द्यावे. भोकाच्या तोंडाशी तर अधिकच धीर हवा. त्याचे डोके भोकात वर वळेपर्यंत थांबावे आणि त्याला तंगुसाने उचलण्याऐवजी हाताने धरून बाहेर घ्यावे.

एक गोष्ट मी मनापासून सांगू इच्छितो. या सरोवरात शेतांचे आणि वस्त्यांचे फॉस्फरस उतरत गेले, त्यावर शेवाळ माजले, ते कुजताना खोल पाण्यातला प्राणवायू घटला, आणि थंड पाण्यातल्या या माशाची नैसर्गिक पैदास जवळजवळ थांबली. हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, वाढवलेली पिल्ले सोडून त्याची संख्या राखावी लागली, आणि 2008 मध्ये ओंटारिओ प्रांताने या एका सरोवराच्या रक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला. म्हणून हंगाम, माशांची मर्यादा आणि आमिष कोठून आणावे याचे त्या वर्षीचे नियम वाचूनच बर्फावर पाऊल टाकावे. 18 ते 64 वयाच्या रहिवाशाला परवानाही लागतो. मासा सोडायचा असेल तर त्याला बर्फावर ठेवू नये, कारण कडाक्याच्या थंडीत कल्ले आणि डोळे क्षणात गोठतात. या कुळातले मासे पोटातली हवा तोंडावाटे सोडू शकतात, त्यामुळे लगेच पाण्यात सोडलेला मासा बहुधा पुन्हा खोल जातो.

खाण्यासाठी ठेवलेला मासा साफ करताना त्याचे पोट अवश्य उघडून पाहावे. त्यात शिंपल्यांचा चुरा मिळाला तर तो कठीण तळावर चरत होता, आणि अळ्या मिळाल्या तर गाळावर. दुसऱ्या दिवशीचे भोक कुठे पाडायचे, हे मी त्यावरूनच ठरवतो.