कार्तिक सरताना माळावर

[दृश्य: पहाट. वाळत चाललेलं गवत, पात्यापात्यावर दव.]

कार्तिक सरत आला की माळ पिवळा पडतो. पावसाळी फुलं बघायला आलेली माणसं केव्हाच परतलेली असतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं, आता इथं काय उरलंय? पण दख्खनच्या माळावर पायी फिरायचे खरे दिवस आत्ता सुरू होतात. गवत अजून उभं आहे, थंडी नुकती पडू लागली आहे आणि उत्तरेकडचे पाहुणे पक्षी पोचलेत.

सूर्य वर यायच्या आत निघायचं. रात्रीच्या दवानं पायवाटेची धूळ दबलेली असते आणि तिच्यावर रात्रीची सगळी ये-जा स्पष्ट उमटते. हे सशाचे ठसे बघा. दोन छोटे ठसे मागे, दोन लांबट ठसे पुढे. पुढचे लांबट ठसे मागच्या पायांचे आहेत, कारण उडी मारताना ससा मागचे पाय पुढच्या पायांच्याही पुढे टाकतो. शेजारून नखं उमटलेले ठसे गेलेत, म्हणजे ते मांजरकुळातल्या प्राण्याचे नव्हेत. मांजर चालताना नखं आत ओढून घेतं. आकार लहान आहे, तेव्हा खोकड, म्हणजे माळावरचा छोटा कोल्हा असावा.

[दृश्य: कोळ्याचं जाळं, अगदी जवळून.]

दवामुळे एरवी नजरेतून निसटणारी जाळीही दिसू लागतात. पोटावर पिवळे पट्टे असलेली ही कोळीण जाळ्याच्या मधोमध पाय दोन-दोन जोडून बसते, त्यामुळे तिची फुली झालेली दिसते. त्या फुलीच्या रेषेत तिनं जाड पांढरा नागमोडी धागा विणलाय. या नक्षीमुळेच तिला सिग्नेचर स्पायडर म्हणतात. नक्षी कशासाठी, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कुणी म्हणतं किडे ओढले जावेत म्हणून, कुणी म्हणतं पाखरांनी जाळं पाहून वाट बदलावी म्हणून.

आता थोडं थांबून आपल्या मोज्यांकडे बघूया. कुसळी गवतातून चाललं की कुसळं टोचणारच. त्यातलं एक काढून तळहातावर घ्या. टोकाला अणकुचीदार बी, बीवर मागे वळलेली बारीक लव, आणि मागे पीळ दिलेल्या सुतळीसारखी लांब शेपटी. आता शेपटीवर पाण्याचा थेंब सोडा आणि नुसतं बघत राहा. पीळ उलगडायला लागतो, कुसळ हातावर गोल फिरू लागतं. वाळलं की पुन्हा पीळ बसतो. रात्री दव, दिवसा ऊन, असं चालू राहतं आणि बी थोडं थोडं करत जमिनीत शिरतं. उलटी लव त्याला मागे येऊ देत नाही. माती जागची हलवायला इथं कुणीही नसतं, तरी पेरणी होते. हे पाहिल्यावर मोज्यातल्या कुसळांचा राग उरत नाही.

बाभळीच्या काट्याला टोचलेला नाकतोडा दिसला, तर आसपास खाटीक असणार. डोळ्यांवर काळी पट्टी असलेला हा पक्षी शिकार काट्यात अडकवून ठेवतो. झुडपाच्या शेंड्यावर शेपटी हलवत बसलेला तो गप्पीदास. हा पाहुणा आहे, थंडीपुरता आलेला.

[दृश्य: डबकं, वर घिरट्या घालणारे पिवळसर चतुर.]

ऊन चढलं की नजर वर न्यावी. डबक्यावर घिरट्या घालणारे हे पिवळसर चतुर, वाँडरिंग ग्लायडर, फार लांबचे प्रवासी आहेत. मालदीवच्या बेटांवर गोड्या पाण्याची जागा जवळजवळ नाही, तरी दर ऑक्टोबरात तिथं चतुरांचे थवे उतरतात. चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञानं वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या आणि 2009 साली मांडलं की हे चतुर भारतातून निघून, वाऱ्याच्या साथीनं समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातात. जाण्यायेण्याचा हा फेरा एका चतुराच्या आयुष्यात पुरा होत नाही, त्याला काही पिढ्या लागतात.

त्याच सुमारास त्याच दिशेनं आणखी कुणी जात असतं. अमूर ससाणा, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. सैबेरिया आणि उत्तर चीनकडून निघून हा नागालँडात थांबतो, मग आपल्या डोक्यावरून अरबी समुद्र पार करून दक्षिण आफ्रिकेकडे जातो. वाटेत तो या चतुरांवर पोट भरत असावा, असा अभ्यासकांचा कयास आहे. 2012 साली नागालँडमधल्या दोयांग जलाशयाजवळ हे ससाणे जाळी लावून हजारोंनी मारले जात असल्याचं उघड झालं. पुढच्याच वर्षी तिथल्या गावांनी ही शिकार थांबवली. 2013 मध्ये तीन ससाण्यांना उपग्रहावरून माग काढता येईल असे टॅग लावले, त्यांची नावं ठेवली नागा, पांगती आणि वोखा. गावकऱ्यांनी जे केलं, त्याबद्दल मनात फार आदर आहे.

[दृश्य: संध्याकाळ. गवताच्या लगत उडणारा भोवत्या.]

माळावरचा आमचा सर्वांत लाडका पाहुणा मात्र भोवत्या. पंख किंचित वर उचलून, गवताला जवळजवळ घासत तो जातो. चेहरा घुबडासारखा, तबकडीच्या आकाराचा. त्यामुळे गवतात दडलेल्या उंदराची चाहूल त्याला आवाजावरून लागते. नाकतोडेही तो भरपूर खातो. कझाकस्तानच्या गवताळ मैदानांत वाढलेला हा शिकारी पक्षी झाडावर झोपत नाही. दिवस मावळता मावळता एकेक करत भोवत्ये गोळा होतात आणि उंच गवतात, थेट जमिनीवर रात्र काढतात.

आणि नेमकं हेच उंच गवत सरकारी नोंदींत अनेकदा ‘पडीक’ ठरतं. कुणी ते नांगरतं, कुणी त्यात झाडांची रोपं लावतं, कुणी पेटवून देतं. माळावर झाडं लावणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, हे मान्य. पण गवताळ जागी जंगल उभं केलं, तर भोवत्यानं, खोकडानं आणि चंडोलानं जायचं कुठं?

भोवत्यांची अशी मुक्कामाची जागा तुम्हाला सापडली, तर दूरवर खाली बसून दुर्बिणीतून बघा. गवतात शिरू नका, वर ड्रोन उडवू नका. फोटो टाकलात तरी नेमकी जागा लिहू नका. वनखात्याला मात्र जरूर कळवा, आणि वणव्याचे दिवस सुरू व्हायच्या आत कळवा.