आपत्कालीन विभागातील प्रतीक्षा: रुग्णाच्या बाजूने

श्रोतेहो, आपत्कालीन विभागात ताटकळत बसलेल्या रुग्णाला सर्वांत जास्त खटकते ती एक गोष्ट म्हणजे आपल्या मागून आलेल्या माणसाला आधी आत नेले जाते. कुणीतरी वशिला लावला असावा, अशी शंका त्याला येते. वास्तविक तिथे येण्याच्या क्रमाला फारसा अर्थ नसतो. नाडी, श्वास, रक्तदाब आणि शुद्ध पाहून रुग्णाची निकड ठरवली जाते. त्यालाच ट्रायाज म्हणतात. १९९० च्या दशकात मँचेस्टरमध्ये तयार झालेल्या पद्धतीत निकडीनुसार रुग्णाला रंग दिला जातो: लाल रंगाच्या रुग्णाला तत्काळ, नारिंगीला १० मिनिटांत, पिवळ्याला ६०, हिरव्याला १२० आणि निळ्याला २४० मिनिटांत तपासावे, असे अपेक्षित आहे.

पण मनगट मोडून आलेल्या माणसाला आपला रंग कोणता, हे सहसा कुणी सांगत नाही. शस्त्रक्रिया करावी लागली तर काय, म्हणून तो पाणी पीत नाही. आणि नेमके तेव्हाच नाव पुकारले तर, या धास्तीने लघवीलाही उठत नाही. शिवाय ठरवलेली निकड ही आल्या वेळची असते. वाट पाहताना धाप लागली, घाम फुटला किंवा वेदना वाढल्या, तर पुन्हा जाऊन सांगायलाच हवे. भिडस्त रुग्ण मात्र गप्प राहतो, आणि दर ठरावीक वेळाने फेरतपासणी करायला गर्दीत परिचारिकेला सवड होत नाही.

या गर्दीचे खापर बहुधा किरकोळ दुखणी घेऊन येणाऱ्यांवर फोडले जाते. मला ते पटत नाही, कारण ही माणसे औषध घेऊन निघून जातात, खाट अडवत नाहीत. खरी कोंडी होते ती ज्यांना दाखल करून घेण्याचा निर्णय झाला आहे, पण वॉर्डात खाट रिकामी नाही, अशा रुग्णांमुळे. आणि त्यात त्यांचा काडीचाही दोष नसतो. अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला रांगांचा गणिती नियम इथे तंतोतंत लागू पडतो: तासाला १० रुग्ण येत असतील आणि प्रत्येक जण सरासरी ३ तास थांबत असेल, तर विभागात सरासरी ३० जण असतात, तेच ६ तास थांबू लागले की येणाऱ्यांत एकाचीही भर न पडता ६० होतात. वॉर्डातले डिस्चार्ज दुपार उलटेपर्यंत रेंगाळतात, सकाळपासून येणारे रुग्ण मात्र थांबत नाहीत. ट्रॉलीवर रात्र काढणाऱ्या वृद्धाला पाठीला जखमा होतात, कधी भ्रमही होतो.

न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रुकच्या विद्यापीठ रुग्णालयाने यावर वेगळी तोड काढली. दाखल रुग्णांना आपत्कालीन विभागातच दाटीवाटीने न ठेवता प्रत्येक वॉर्डाच्या बोळात एक-दोघांना हलवायचे, म्हणजे भार सगळ्यांत वाटला जातो. वॉर्डातील कर्मचाऱ्यांना हे रुचणे कठीणच. पण दोन्ही ठिकाणी राहिलेल्या रुग्णांना विचारले, तेव्हा बहुसंख्यांनी वॉर्डाचा बोळच पसंत केला.