वजनात बसलो नाही

(काळोख. टॉर्चचे झोत. पंख्याची घरघर.)

गोव्यात, केपे तालुक्यातलं असोल्डा. पहाटेचे साडेपाच. दवाने मैदान इतकं ओलं की चपला पायात राहत नाहीत. फोंड्याच्या एका पतसंस्थेतले आम्ही नऊजण, दरवर्षी सहलीला समुद्र गाठणारे, यंदा थंडीत गरम हवेच्या बलूनमध्ये बसायला आलोय.

"बर्फ कुठे हो?" मागून कुणीतरी खवचटपणे विचारतं.

बर्फ हवं तर स्वित्झर्लंडमधलं शातो-दे गाठा. तिथे जानेवारीत बर्फाच्या डोंगरांमध्ये बलूनचा महोत्सव भरतो. १९७९ पासून. आमच्याकडे सह्याद्री आणि २० अंशांची थंडी. आम्हाला तेवढ्यालाही कानटोपी लागते!

पण थंडी हवीच. एक घनमीटर गार हवेचं वजन साधारण १.२ किलो. तीच १०० अंशांपर्यंत तापवली की जेमतेम पाव किलोने हलकी होते. अशी पाव-पाव किलोची बेगमी करून माणसं उचलायची, म्हणून कापडाच्या पोटात हजारो घनमीटर हवा लागते. आणि म्हणूनच आमच्यापुढे वजनकाटा येतो. बेरीज जास्त भरते. बसणार आठ. नववा कोण, ते काट्याने सांगितलंय. कॅमेरा घेऊन मी जीपमध्ये.

(ज्योतीचा फूत्कार. बलून उभा राहतो.)

पायलटने आधी हातातला छोटा फुगा सोडून वारा पाहिला होता. सुकाणू नाहीच. वर-खाली व्हायचं आणि हव्या त्या दिशेचा वारा सापडला की त्यात शिरायचं. २१ नोव्हेंबर १७८३ रोजी पॅरिसवरून पहिले दोघे असेच मोकळे उडाले, तेव्हा वर जाळायला पेंढा होता. आता गॅस.

(टोपलीतून मोबाईलवर घेतलेलं चित्रण.)

खाली धुक्यात बुडालेली कुशावती. पलीकडे चंद्रनाथचा डोंगर, माथ्यावर देऊळ. मॅनेजर मॅडमच्या ओढणीचं टोकसुद्धा हलत नाही. "गे, वारा खंय गेला?" त्या कोकणीत विचारतात. वाऱ्याबरोबरच चाललोय, मग लागणार कसा? ज्योत थांबली की खालून कुत्र्याचं भुंकणं येतं, पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगाही.

आम्ही मात्र जीपमध्ये. बलून नदीपार, आम्ही पूल शोधतोय.

ऊन चढून जमीन तापायच्या आत उतरायला हवं. कापलेल्या शेतात टोपली दोनदा आपटते, कलंडते. वेत करकरतो, मोडत नाही. बांधावरून शेतकरी ओरडतो, "तिकडे नको, वायंगणाचा तरवा घातलाय!" उन्हाळी भाताची रोपं ती.

आता घडी. दवाने जड झालेलं कापड नऊजण मिठीत धरून पिशवीत कोंबतात. आत हवा राहतेच. सगळे माझ्याकडे बघतात.

मी बसलो. पिशवी भुस्सकन खाली गेली.