बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षं

(इंग्लंडमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या नाताळ मेळाव्यात केलेलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडी काटछाट केली आहे.)

नमस्कार मंडळी. आणि आमच्या नगरच्या ख्रिस्ती पद्धतीनं, सलाम.

'मंडळी' म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आधी चर्च येतं. आमच्याकडे चर्चच्या लोकांना मंडळीच म्हणतात. 'तुमची मंडळी कुठली?' म्हणजे तुम्ही कोणत्या चर्चचे. लग्नानंतर आम्ही पुण्यात राहायला गेलो, तेव्हा शेजारच्या काकांनी माझ्या नवऱ्याला जिन्यात गाठून विचारलं, "काय, मंडळी कुठायत?" त्यानं चर्चचा पत्ता सांगितला. काका बरेच दिवस आमच्याशी जपूनच बोलत होते.

कार्यकारिणीनं विषय दिलाय, 'ख्रिस्ती श्रद्धेत वाढणं म्हणजे काय?' खरं सांगते, मी आधी नाही म्हणणार होते. गणपतीत मी तुमच्याबरोबर शंभर-शंभर उकडीचे मोदक वळलेत, त्यात कधी अडचण आली नाही. पण श्रद्धेवर बोलायचं म्हटलं की सभागृहात थोडं अवघडल्यासारखं होतं, हे मला माहीत आहे. घाबरू नका, कुणाला बाटवायला उभी नाही. एका मराठी बाईची गोष्ट सांगणार आहे. तुम्हाला ती अर्धी माहीत आहे.

इथून गाडीनं दीडेक तासावर वाँटेज नावाचं गाव आहे. बाजाराच्या चौकात आल्फ्रेड राजाचा पुतळा आहे, 1877 सालचा. म्हणजे पंडिता रमाबाईंनीही तो पाहिला असणार. त्या 1883 मध्ये इंग्लंडला आल्या. वय पंचवीस, नवरा गेलेला, बरोबर दोन वर्षांची मनोरमा. प्रवासाचे पैसे उभे केले ते 'स्त्रीधर्मनीति' या स्वतःच्या पुस्तकाच्या विक्रीतून. डॉक्टर व्हायचं होतं, पण ऐकू कमी येत असल्यामुळे ते राहिलं. वाँटेजच्या सिस्टरांच्या मठात त्या राहिल्या, आणि राहण्याखाण्याच्या बदल्यात पुण्याला निघालेल्या सिस्टरांना मराठी शिकवू लागल्या. आपली रविवारची मराठी शाळा चालवणाऱ्या ताई समोर बसल्यात, त्यांना सांगते, तुमच्या आधी या देशात हा वर्ग कुणी घेतला होता ते आता कळलं.

त्याच वर्षी 29 सप्टेंबरला वाँटेजमध्ये रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. गोष्ट इथं संपते असं बहुतेकांना वाटतं. 'धर्म बदलला', पूर्णविराम. हितचिंतकांना तसं वाटलं, टीकाकारांनाही तसंच वाटलं.

पण रमाबाईंना तसं वाटलं नाही. बाप्तिस्म्यानंतर त्यांनी पहिलं काय केलं असेल, तर वाद. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा त्रैक्याचा सिद्धांत पटत नाही म्हणून सांगितलं. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असं वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीनना लिहून विचारलं. शाकाहार सोडला नाही. चर्चनं सांगितलं म्हणून मानायचं, हे त्यांच्यानं होईना. सिस्टर वैतागल्या, त्यांना ही पोरगी अहंकारी वाटली. मला मात्र त्या पत्रव्यवहारात एक बाई देवाला फार गंभीरपणे घेताना दिसते. ज्याचं आपल्याला काही पडलेलं नाही, त्याच्याशी कोण भांडतं?

पुढे अमेरिका. 1886 मध्ये फिलाडेल्फियाला आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला त्या हजर होत्या. मग परत येऊन 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन, पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. विधवा मुलींना शिकवायचं, केस वाढवू द्यायचे, माणसासारखं जगू द्यायचं. एवढं काम उभं राहिल्यावर कोण म्हणेल की या बाईच्या श्रद्धेत काही कमी आहे? त्या स्वतः म्हणाल्या. बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाल्यावर, 1891च्या सुमारास, त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडलेला नाही. निमित्त झालं एका इंग्रज पाळकाच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूच्या, आत्मकथेचं. तो गृहस्थ पाळक झाल्यावर कितीतरी दिवसांनी शुद्धीवर आला होता, की आपण लोकांना सांगतो ते आपल्यात उतरलेलंच नाही. रमाबाईंनी त्यात स्वतःला पाहिलं आणि पुढे आपल्या साक्षीत, म्हणजे श्रद्धेच्या आत्मकथनात, सगळं उघडपणे लिहून टाकलं.

या आठ वर्षांवर माझं फार प्रेम आहे.

त्यानंतर सगळं गोड झालं असंही नाही. 1893 मध्ये सदनातल्या काही मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या, वर्तमानपत्रांत गदारोळ झाला, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, कितीतरी मुली घरच्यांनी काढून नेल्या. मला विचाराल तर पालकांचा संताप मी समजू शकते; धर्मात ढवळाढवळ होणार नाही या भरवशावर त्यांनी मुली पाठवल्या होत्या. आणि ज्या बाईला नुकतं काहीतरी सापडलंय तिनं प्रार्थनेच्या खोलीचं दार लावून घ्यावं, हेही मला सांगवत नाही. दोन्ही बाजूंची माणसं माझ्याच घरातली वाटतात.

आता माझं. माझा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला, चौदाव्या वर्षी दृढीकरण, म्हणजे तीच श्रद्धा आपल्या तोंडानं कबूल करण्याचा विधी. दहा आज्ञा, मतांगीकार म्हणजे श्रद्धेची कबुली, प्रभूची प्रार्थना, सगळं घडाघडा पाठ. शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, बक्षिसं. त्यानंतर पस्तीस वर्षं मी चर्चमध्ये हंगामाच्या सणाला लिलावात भोपळे घेतले, नाताळात करंज्या केल्या आणि तेवढ्यावर स्वतःला ख्रिस्ती समजत राहिले.

मग वडील गेले. नगरच्या घरामागची जागा, विहीर आणि शेवग्याच्या झाडासकट, भावानं मला न विचारता विकली. मी बोलणं टाकलं. नऊ वर्षं.

आता प्रभूच्या प्रार्थनेत एक ओळ आहे. 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.' इथल्या इंग्रजी उपासनेत हीच ओळ 'आम्ही क्षमा करतो तशी' अशा चालीवर येते. त्यात जरा पळवाट आहे. करतोय, करू, बघू. मराठीत पळवाट नाही. 'सोडले आहे.' झालेलं काम. आधी तुझं काम दाखव, मग माग. महिन्यातून एकदा आमची मराठी उपासना असते, तिथं ही ओळ आली की माझे ओठ हलायचे आणि आवाज निघायचा नाही. मला वाटायचं कुणाला कळत नाही. एकदा घरी येताना गाडीत नवरा म्हणाला, "तुझा आवाज त्या ओळीला कुठं जातो गं?"

रमाबाईंच्या आठ वर्षांचा अर्थ मला त्या गाडीत कळला. सगळं पाठ होतं. सापडलं काहीच नव्हतं.

भावाला फोन केला तो धाडस करून नाही, जीव मेटाकुटीला आला म्हणून. शुगर किती, पाऊस किती, पोरं काय करतात. मग तो म्हणाला, "ताई, तो शेवगा नव्या मालकानं ठेवलाय हं." जागेचा विषय निघाला नाही. अजूनही निघालेला नाही. पुढच्या उपासनेला त्या ओळीवर आवाज आला. अर्धाच आला.

रमाबाईंचं पुढचं आयुष्य म्हणजे केडगावचं मुक्ती सदन. 1896-97च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली घेऊन आल्या. दुष्काळातच त्यांचे स्वतःचे आईवडील गेले होते, त्यामुळे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. इंग्लंडमध्ये असताना सिस्टरांनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातलं, समाजानं टाकलेल्या बायकांसाठीचं घर दाखवलं होतं. तिथं येशू आणि विहिरीवर त्याला भेटलेल्या शोमरोन प्रांतातल्या बाईची बायबलातली गोष्ट ऐकून त्या पहिल्यांदा हलल्या होत्या. केडगावात त्यांनी तशाच बायकांसाठी कृपासदन काढलं. आणि उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं मराठी केलं, कारण छापील बायबलातलं मराठी त्यांच्या खेड्यातल्या मुलींना जड जात होतं. खिळे जुळवणं, छपाई, सगळं त्याच मुलींनी केलं. मनोरमा 1921 मध्ये गेली, आईच्या आधी. रमाबाई 5 एप्रिल 1922ला गेल्या. त्या दोन तारखांच्या मधल्या महिन्यांतही भाषांतराचं काम चालू होतं. हे मी जेव्हा जेव्हा वाचते, तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ स्वयंपाकघरात जाते.

आमच्या उपासनेत रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एक पद आम्ही पुष्कळदा म्हणतो. आपल्यात अजून किती उणं आहे ते प्रभूला सांगणारं. लहानपणी मला वाटायचं, एवढा मोठा कवी, पाळक, आणि हे काय रडगाणं. आता ते म्हणताना मला बरं वाटतं.

पुढच्या रविवारी दुपारी तीनला आमची नाताळची मराठी उपासना आहे, स्टेशनमागच्या चर्चच्या हॉलमध्ये. सगळ्यांना आमंत्रण. खाली सतरंजी असते, गुडघेवाल्यांसाठी खुर्च्या आहेत, नंतर चहा-करंज्या. पेटी आमची आहे. तबलजी मात्र गेल्या महिन्यात नोकरीसाठी लेस्टरला गेला. कुणाला साधा ठेका धरता येत असेल, तर जाताना मला दारापाशी भेटा.