कॉसफर्डचं लिंकन

नमस्कार श्रोतेहो. आज भुताची गोष्ट सांगणार आहे, पण वाड्याची किंवा पिंपळाची नाही, विमानाची.

इंग्लंडमध्ये श्रॉपशर भागात कॉसफर्डला रॉयल एअर फोर्सचं संग्रहालय आहे. तिथे आरएफ 398 क्रमांकाचं अॅव्ह्रो लिंकन उभं आहे. ब्रिटनमध्ये शिल्लक राहिलेलं हे एकमेव लिंकन बाँबफेकी विमान. रात्री त्याच्या पोटातून खटके दाबल्याचे, पावलांचे आवाज येतात, असं कित्येक वर्षं सांगितलं जातं. म्हणे कुणी आत टेपरेकॉर्डर ठेवून ते टिपलेही. कुणाला हवाई दलाच्या वेशातला तरुण दिसला. एका वैमानिकाने तर जिवंतपणीच सांगून ठेवलं होतं म्हणतात, की मी या विमानात परत येईन.

आवाजांचं मला नवल वाटत नाही. लिंकनचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत 36 मीटरांहून लांब आहेत. एवढं अॅल्युमिनियम दहा अंशांनी निवलं, तर सुमारे आठ मिलिमीटर आखडतं. रिव्हेट ठोकून जखडलेला सांगाडा आखडताना टकटक करणारच. उन्हं उतरल्यावर घराचे पत्रे वाजतात, ते आपण ऐकलेलंच आहे.

मला विचारात पाडते ती दुसरीच गोष्ट. हे विमान हवाई दलाकडे आलं सप्टेंबर 1945 मध्ये, युद्ध संपल्यावर. ते लढलंच नाही. लढली ती त्याची थोरली भावंडं, लँकेस्टर विमानं. 7,377 बांधली गेली आणि त्यांतली तीन हजारांहून जास्त विमानं मोहिमांवरून परतलीच नाहीत. प्रत्येकात सात माणसं, बहुतेक विशीतली. ब्रिटनच्या बाँबर कमांडचे, म्हणजे बाँबफेकी विमानांच्या दलाचे, एकूण 55,573 जण गेले.

ज्याची क्रिया झाली नाही त्याला गती नाही, असं आपल्याकडे मानतात. यांतल्या हजारोंची तर कबरही नाही. विमानं समुद्रात बुडाली, शेतांत जळून गेली. मग दुःखाने जायचं कुठे? माझं प्रामाणिक मत असं, की ते या धडधाकट उरलेल्या लिंकनमध्ये येऊन राहिलं. म्हणून ही कथा मला भाकडकथा म्हणून झिडकारवत नाही.

लंडनपासून जवळ, रनीमीडच्या टेकडीवर, ज्यांना कबर नाही अशा वीस हजारांहून अधिक हवाई सैनिकांची नावं दगडात कोरली आहेत. ती वर्षाप्रमाणे आणि हुद्द्याप्रमाणे लावली आहेत. त्यामुळे एकाच विमानात, एकाच क्षणी गेलेले सात जण तिथे वेगवेगळ्या फरशांवर सापडतात.

नमस्कार.