भाकरीतला कार्बन कुठून आला?

नमस्कार, श्रोतेहो. भाकरी तव्यावर जरा जास्त वेळ राहिली, की तिच्यावर काळे डाग पडतात. ते डाग म्हणजे मुख्यतः कार्बन. ज्वारीच्या ताटाने तो हवेतून घेतला, इथवर आपण शाळेत शिकतो. पण हवेत तरी तो आला कुठून? १९५३ सालापर्यंत याचं धड उत्तर कुणाजवळ नव्हतं.

महास्फोटानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत हायड्रोजन आणि हेलियमची अणुकेंद्रं तयार झाली, जोडीला चिमूटभर लिथियम. कार्बन नाही, ऑक्सिजन नाही, लोहही नाही. ते सगळं पुढे ताऱ्यांनी घडवलं.

तारा आयुष्याचा बहुतेक काळ हायड्रोजनचं हेलियम करण्यात घालवतो. गाभ्यातला हायड्रोजन संपला, की गाभा आकसतो आणि तापत तापत दहा कोटी अंशांच्या घरात जातो. बाहेरून मात्र तारा फुगून तांबूस दिसू लागतो. मृग नक्षत्रातला तांबडा काक्षी तुम्ही पाहिला असेल. त्याच्या गाभ्यात सध्या हेच चालू असावं, असं बहुतेक खगोलशास्त्रज्ञ मानतात. आता पाळी हेलियमची, आणि इथेच घोडं अडत होतं. हेलियमची दोन केंद्रं जुळली की बेरिलियम या मूलद्रव्याचं एक केंद्र, बेरिलियम-८ होतं, आणि ते टिकतच नाही. एका सेकंदाचे अब्ज भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा कोटी भाग करा. साधारण तेवढंच त्याचं आयुष्य. तेवढ्यात तिसरं हेलियम येऊन धडकलं, तरच कार्बन. कागदावर हिशेब मांडला, तर असा कार्बन नगण्यच निघत होता.

फ्रेड हॉइल, म्हणजे आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू, यांनी हा हिशेब उलटा वाचला. विश्वात कार्बन मुबलक आहे, ही गोष्ट खरी. मग कार्बनच्या अणुकेंद्राला एक ठरावीक ऊर्जापातळी, म्हणजे ऊर्जेची एक पायरी असलीच पाहिजे, साधारण ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टची (इलेक्ट्रॉन व्होल्ट हे ऊर्जेचं एक छोटं माप). बेरिलियम आणि हेलियम यांची एकत्रित ऊर्जा या पातळीच्या जवळ आली, की दोघं जुळण्याची शक्यता कैक पटींनी वाढते.

कॅलिफोर्नियात कॅलटेक या संस्थेत अणुकेंद्रांवर प्रयोग करणाऱ्या विल्यम फाउलर यांच्यापुढे त्यांनी हे मांडलं. फाउलरना ते सुरुवातीला पटलं नाही, आणि त्यांचं काय चुकलं? ताऱ्यांकडे बघून अणुकेंद्राचं भविष्य सांगणारा माणूस प्रयोगशाळेत कोण मनावर घेईल! तरी तिथल्याच वॉर्ड व्हेलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केलाच. नायट्रोजनवर ड्यूटेरियमच्या, म्हणजे जड हायड्रोजनच्या केंद्रांचा मारा केला, की हेलियम बाहेर पडतं आणि मागे कार्बन उरतो. त्या हेलियमची ऊर्जा त्यांनी चुंबकाच्या साहाय्याने मोजली, त्यावरून कार्बनकडे किती ऊर्जा राहिली ते कळलं. पातळी सापडली, हॉइल यांनी सांगितली होती तिथेच.

गंमत म्हणजे, या पातळीला पोचलेली बहुतेक केंद्रंही पुन्हा फुटतात. दहा हजारांतून जेमतेम चारांचा पक्का कार्बन होतो. ताऱ्याजवळ वेळ भरपूर असल्यामुळे तेवढे पुरतात. त्यातल्या काहींना आणखी एक हेलियम चिकटतं आणि ऑक्सिजन होतो. तिथे मात्र अशी सोयीची पातळी नाही; असती, तर जवळपास सगळ्या कार्बनचा ऑक्सिजन होऊन गेला असता.

म्हातारे तारे आपले बाहेरचे थर अवकाशात सोडून देतात, त्यांतून हा कार्बन विखुरतो. खूप जड तारे पुढे निऑन, सिलिकॉन करत लोहापर्यंत जातात. लोह जोडून ऊर्जा मिळत नाही, त्यामुळे गाभा कोसळतो आणि अतिनवताऱ्याचा स्फोट होतो. हाडांतलं कॅल्शियम अशाच स्फोटांतून आलं. रक्तातल्या लोहाचा मोठा वाटा मात्र श्वेतबटूंच्या, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्यांच्या लहान, घट्ट गाभ्यांच्या स्फोटांचा.

१९५७ साली हॉइल, फाउलर आणि खगोलशास्त्रज्ञ बर्बिज दांपत्याने हा सगळा पट एका दीर्घ निबंधात मांडला. १९८३ साली फाउलरना खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्यासोबत भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. हॉइल यांचं नाव त्यात नव्हतं. कारणं काहीही असोत, मला तरी तो निर्णय अन्यायाचाच वाटतो.