एका बाटलीचे पंधरा घोट

(दृश्य: दुपार. सदाशिव पेठेतली शाळा सुटते आहे. व्हॅन, रिक्षा, दप्तरं.)

शाळा सुटली. दप्तर पाठीवर चढायच्या आत कोलाच्या बाटलीचं झाकण उघडलं. एक घोट फाटकापाशी, दुसरा व्हॅनमध्ये, तिसरा टिळक रस्त्याच्या सिग्नलला. उरलेलं क्लासला जाताना. आईला विचारा, ती म्हणेल, "एकच तर बाटली पितो!"

बाटली एकच, खरंय. पण दातांच्या वहीत हे पंधरा घोट पंधरा वेळा लिहिले जातात.

(दृश्य: पोह्यांच्या बशीत चमच्याचमच्यानं साखर पडते.)

अडीचशे मिलीलिटर कोलात साधारण 26 ग्रॅम साखर असते. चहाचे सहा चमचे तरी झालेच. तोंडातले जंतू तिचं काही मिनिटांत आम्ल करतात. पीएच, म्हणजे आम्लता मोजणारा आकडा (जितका कमी तितकं आंबट), 5.5 च्या खाली गेला की दातावरच्या आवरणातलं कॅल्शियम सुटू लागतं. लाळ हे सावरते, पण तिला अर्धा तास तरी लागतो, कधी जास्तही. तेवढ्यात पुढचा घोट! शिवाय कोला मुळातच आंबट, म्हणून बिनसाखरेचा घेतला तरी दाताची झीज होतेच.

उसाच्या रसालाही सूट नाही बरं का. मस्तानीलाही नाही. फक्त ती बसल्या बैठकीला संपते, एवढाच तिचा गुण.

(दृश्य: सात वर्षांची मुलगी आ वासून. आजीच्या हातात टॉर्च.)

दुधाच्या दाढांच्या मागे बघा, अगदी शेवटी. ही दाढ सहाव्या वर्षाच्या आसपास येते, कुठलाही दात न पडता, गुपचूप. घरच्यांना वाटतं, दुधाचीच असेल, पडेल. ती जन्मभराची असते. तिच्या माथ्यावरच्या खाचा इतक्या अरुंद, की ब्रशचा केसही आत शिरत नाही. आधी पांढुरका डाग, मग तपकिरी रेघ, मग खड्डा. ठणका लागेपर्यंत कुणाला पत्ता नसतो.

(दृश्य: टपरीवरची च्युइंगमची बरणी.)

आमच्या लहानपणी च्युइंगम म्हणजे पाठीत धपाटा. शुगर-फ्रीचं गणित वेगळं. त्यातल्या काहींत साखरेऐवजी झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो, त्यापासून किडीच्या जंतूंना आम्ल बनवता येत नाही. 1970 च्या दशकात फिनलंडमधल्या तुर्कू शहरात यावर मोठे अभ्यास झाले. जेवणानंतर वीसेक मिनिटं चघळलं की लाळ भरपूर सुटते, खरं काम तीच करते. त्या खाचा मात्र च्युइंगमनं साफ होत नाहीत. अगदी लहान मुलांना देऊ नका, घशात अडकतं. मोठ्यांनी पाकीटभर खाल्लं तर पोट बिघडतं. आणि घरात कुत्रा असेल तर पाकीट उंच फळीवर ठेवा, झायलिटॉल त्याच्यासाठी विष आहे.

(दृश्य: रात्र. बेसिन.)

ब्रशवर वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट. मुलीचं अर्धं लक्ष टीव्हीकडे. मागून आजीचा आवाज: "पुढचे पुरे झाले गं, मागची दाढ घास. मागची!"